‘टाक’ : पहिल्या कादंबरीच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

‘टाक’ हे कच्चं नाव. टाक म्हणजे दुसरेपणाच्या बायकोने गळ्यात घालायची पहिलीची छोटी प्रतिमा. पुढे बदललं तर बदलेल.

भिंतीवर चिकटवलेला आराखडा असा. अष्टागरातलं एक घर, चौल-रेवदंड्याच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या वाडीत. अप्पा अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत नोकरीला. त्यांची पहिली बायको १९४७ साली ‘रामदास’ बोटीबरोबर बुडाली, असं घरात तीन पिढ्या सांगत आल्या आहेत. १९४९ मध्ये अप्पांनी दुसरं लग्न केलं. ही दुसरी म्हणजे कादंबरीतली आजी. पहिली बुडालेली नव्हती. ती १९७५ पर्यंत एका सरकारी मनोरुग्णालयात जिवंत होती. आजी गेल्यावर नात घर विकायच्या निमित्ताने येते आणि फडताळं उपसायला लागते.

भयकथेचं ठरावीक सामान या घरात आणायचं नाही. मुंजा नको, हडळ नको, मध्यरात्री आपोआप हलणारा झोपाळा तर नकोच. वीज गेलेली चालेल, पावसाळ्यात तिकडे ती जातेच. माळ्यावर कोंडलेली बायकोही नको. ती युक्ती इतकी झिजली आहे की जिना दिसला की वाचक वर बघायला लागतो.

११ जून

कायद्याने गोष्ट अडवली आणि त्यातूनच ती पुढे सरकली.

अप्पांनी पहिलीला मेलेली का ठरवावं? जुन्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी करायला कायद्याची आडकाठीच नव्हती. ‘पहिलीच्या डोक्यावर परिणाम झालाय’ एवढं सांगितलं असतं तर गाव हळहळलं असतं आणि लग्नाला जेवायलाही आलं असतं. पण मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला. पहिली हयात असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल, वर तुरुंगाची शिक्षा. त्याला आव्हान दिलं गेलं आणि १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. म्हणजे माझं १९४९ साल नेमकं अडचणीच्या जागी बसतंय, आणि मला तेच हवं आहे. आजी आयुष्यभर ज्या नवऱ्याच्या नावाने कुंकू लावते, त्याची ती कायद्याने बायकोच नाही.

हस्तलिखित वाचणारी मैत्रीण म्हणाली, “अगं, मग घटस्फोट का नाही घेत तो?” रास्त शंका. १९४७ चा मुंबईचा घटस्फोट कायदा होता की. पण कोर्टात जायचं म्हणजे घरात वेड आहे हे चारचौघांत कबूल करायचं. अप्पांना लग्नाच्या दोन बहिणी देऊन टाकल्या. वंशात वेड आहे अशी नुसती कुजबूज झाली तरी त्या दोघी तशाच राहिल्या असत्या. शंका मिटली. वर त्यातली धाकटी, म्हणजे नातीची आतेआजी, फुकटात मिळाली. घरातलं सगळं माहीत असलेलं आणि एक अक्षर न बोलणारं माणूस मला हवंच होतं.

१७ जुलै

आज मुद्दाम भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला गेले. पावसाळ्यातल्या समुद्राचा रंग बघायचा होता. डेकवर मोटारीतून उतरलेली माणसं वडापाव खात होती. पाणी शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीच्या रंगाचं होतं आणि पलीकडचा किनारा मधेच पुसला जात होता.

१९४७ साली याच तारखेला ‘रामदास’ सकाळी याच धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढातली अवस, म्हणजे गटारी. सण करायला घरी निघालेली माणसं. काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी मासळी पाण्यात फेकून माणसं होडीत ओढली, असं तिकडे अजून सांगतात. पुढे महिन्याभरात स्वातंत्र्य आलं आणि देशाच्या बातम्यांत ही बातमी मागे पडली. अष्टागरात ती पडली नाही. तिथे घरटी कोणी ना कोणी ‘रामदासात गेलेलं’ असतं.

असल्या खोट्याला गर्दी लागते. एकटं माणूस बेपत्ता झालं तर लोक विचारतात. सहाशेंतलं एक झालं तर सांत्वन करतात. पहिली मुंबईत भावाकडे औषधपाण्यासाठी गेली आहे आणि अवसेला परत येणार आहे, एवढंच गावाला माहीत. प्रत्यक्षात तिला आधीच दाखल केलंय. बातमी येते तेव्हा अप्पा रेवसच्या धक्क्यावर जाऊन इतरांबरोबर उभे राहतात. रात्रभर. कोणीतरी खांद्यावर हात ठेवतं. ‘ती गेली’ असं अप्पा एकदाही बोलत नाहीत. संपूर्ण कादंबरीत बोलणार नाहीत. हा नियम पाळायचा, कितीही अडचण झाली तरी.

२४ जुलै

दिव्याची अवस. पहिलं प्रकरण आजच्या तिथीला सुरू होतं: आजी समया, निरांजनं चिंचेने घासतेय, कणकेचे दिवे उकडतेय आणि स्वतः एकही खात नाही. कारण कुणी विचारत नाही. ‘आजीला आवडत नाहीत’ हे घरात ठरून गेलंय.

५ ऑगस्ट

अप्पांवर काम. वेधशाळा मी केवळ अलिबागची ओळख म्हणून घेतली होती. आता तीच त्यांच्या स्वभावाची किल्ली झाली आहे.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवलं. इमारतीला लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड. जुन्या पद्धतीत नोंद व्हायची ती फोटोच्या कागदावर: अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक ठिपका हळूहळू सरकत रेघ ओढतो. खोलीचं तापमान बदलू द्यायचं नाही, जवळ लोखंड न्यायचं नाही. माणसाच्या खिशातली किल्लीसुद्धा नोंदीत घोटाळा करू शकते.

अशा जागी हा माणूस वर्षानुवर्षं काम करतो. पृथ्वीच्या चुंबकत्वातली बारीकशी थरथर प्रामाणिकपणे टिपून ठेवतो, आणि संध्याकाळी सायकलवरून घरी येतो. त्याला खलनायक करायचा मोह होतोय, तो आवरायचा. तो नीटनेटका आहे. त्याचं खोटंही नीटनेटकं आहे.

आणि मग लग्नातला प्रसंग सुचला. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. अप्पा लिहितात, ‘रमा’. पहिलीचंही सासरचं नाव रमाच होतं. बायका डोळ्यांना पदर लावतात: बघा, अजून विसरला नाही तिला! नवी नवरी मान खाली घालून ताटाकडे बघते आणि आपण कुणाच्या तरी जागी बसलो आहोत हे तिला कळतं. तिला प्रेमाचा मत्सर वाटतो. खरं कारण तिला पुढे कितीतरी वर्षांनी उमगतं. कागदोपत्री बायको एकच राहते. नोकरीच्या कागदांत रमा, शिधापत्रिकेत रमा. कुणी खोडायला नको, कुणी लिहायला नको.

हे प्रकरण एका बैठकीत लिहून झालं. असं रोज होत नाही.

१९ ऑगस्ट

आत्याच्या ओळखीच्या गुरुजींकडे गेले. प्रेत हाती लागलं नाही तर काय करतात, हे विचारायचं होतं. गुरुजी मोकळे. “कादंबरीसाठी ना? मग विचारा, ताई. खरंच कुणी गेलं असतं तर आधी चहा नसता दिला.”

पालाशविधी. पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन त्यांची माणसाची आकृती मांडायची. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, असं प्रत्येक अवयवाचं माप पोथीत ठरलेलं. डोक्याच्या जागी नारळ. मग त्या आकृतीला अग्नी द्यायचा आणि पुढचे दिवस खऱ्या प्रेतासारखेच करायचे.

मी म्हटलं, मांडून दाखवाल का. ते जरा थांबले. आत जाऊन खराट्याचे हीर घेऊन आले, ओसरीवर बसून एकेक हीर बोटभर मोडत जमिनीवर लावायला लागले. डोकं, गळा, खांद्यापासून हात. मोडताना प्रत्येक हिराचा कट् असा आवाज. हात झाले, छाती अर्धी झाली, आणि त्यांनी एकदम तळव्याने सगळं विस्कटलं. “पुरी नाही करायची. उगाच.” मग हीर गोळा करून चुलीत घातले आणि हात धुऊन आले.

ही ‘उगाच’ माझ्या पूर्ण पुस्तकापेक्षा भीतिदायक आहे. अप्पांनी ती आकृती पुरी केली, शेवटच्या देठापर्यंत, जिवंत बायकोची. मोजायला चुकले नसणार.

उठता उठता विचारलं, आणि माणूस परत आला तर? गुरुजी म्हणाले, त्यालाही विधी आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालून पुन्हा जन्माला घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. म्हणजे शास्त्राने परतीची वाट ठेवलेली आहे. वाट नव्हती म्हणून अप्पांनी तिला आणलं नाही, असं म्हणायची सोय आता राहिली नाही.

३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, लिहिणं जेमतेम. पण कामाची एक गोष्ट मिळाली. शेजारच्यांकडे यंदा गणपती नाही, चुलत घरातलं सूतक आलं. रस्त्यावर भेटणारा प्रत्येक जण त्यांना विचारतोय, “कोण गेलं?” कोकणात गणपती न आणणं लपवता येत नाही.

मग १९७५. पहिलीच्या मृत्यूची बातमी आजीला गणपतीच्या तोंडावर कळते. ती मूर्ती आणू देत नाही. दहा दिवस देवघराची पायरी चढत नाही, दिवा शेजारच्या मुलीकडून लावून घेते. गावाला सांगते, माहेरचं लांबचं कुणी गेलं. पण माहेरचं लांबचं सूतक सासरच्या गणपतीला कुठून लागणार? आतेआजीला ते बरोबर खटकतं. नातीला फडताळात त्या वर्षीचं कॅलेंडर सापडतं, त्यात दहा चौकटींवर पेन्सिलीची बारीक फुली. कालनिर्णय १९७३ पासून निघतं, म्हणजे घरात असायला हरकत नाही.

बातमी उशिरा कळली की सूतकाचे दिवस घटतात. नवरा-बायकोला मात्र ऐकल्यापासून पुरे दहा. सवतीला कोणता नियम, हे मी गुरुजींना विचारलं नाही. आजीनेही कुणाला विचारलेलं नसणार.

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. आत्याकडे गेले होते. तिच्या सासूबाई नवऱ्याआधी गेल्या आणि सासरे अजून आहेत, म्हणून दर वर्षी सवाष्ण जेवायला बोलावतात. अळूची भाजी, भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी. जेवून झाल्यावर सवाष्णीची ओटी भरली, खण दिला. सासरे पलंगावर बसून सगळं बघत होते, मधेच “खिरीत वेलची कमी आहे, तिला चालायची नाही” म्हणाले. आत्याने गुपचूप वेलची कुटली.

नवरा गेल्यावर पुष्कळ घरांत ही नवमी थांबते. म्हणजे अप्पा असेतो, १९६६ पर्यंत, आजी दर भाद्रपदात सवतीच्या नावाने स्वयंपाक करत राहिली. पहिली काही वर्षं ती मेली आहे असं समजून. नंतरची वर्षं ती जिवंत आहे हे माहीत असून. पदार्थ तेच, हात तेच. कळायच्या आधीची नवमी आणि कळल्यानंतरची पहिली नवमी अशी दोन प्रकरणं समोरासमोर ठेवायची, आणि स्वयंपाकाच्या वर्णनात एका शब्दाचाही फरक करायचा नाही. फक्त दुसऱ्या वेळी ती खिरीची चव घेऊन बघते. श्राद्धाचा स्वयंपाक चाखत नाहीत.

आत्याने निघताना जुनी पेटी उघडून टाक दाखवला. तिच्या आजेसासूचा, चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीची प्रतिमा गळ्यात घालायची, म्हणजे ती छळत नाही. झिजून झिजून चेहरा राहिलेला नाही, दोन खळगे तेवढे. तळहातावर ठेवला तर वजन जाणवत नाही. दोऱ्याचं भोक मात्र एका बाजूला ओढलं गेलेलं.

१९६६ मध्ये आजीच्या गळ्यातलं मंगळसूत्र उतरतं, हातातल्या बांगड्या उतरतात. टाक राहतो. त्याबद्दल कुठलीच रीत कुणाला आठवत नाही.

१० ऑक्टोबर

मोठा बदल. नात आता निवेदक नाही.

नातीच्या तोंडून सांगितलं की प्रत्येक प्रकरण ‘आणखी एक कागद सापडला’ असं संपतं. रहस्यकथा म्हणून ते पळतं, पण भीती वाटत नाही. उलगडणाऱ्याला कसली भीती? सापडलं की त्याचं काम झालं. रहस्य सांभाळणाऱ्याला मात्र रोज उठून काम असतं. नवमीचा स्वयंपाक, न आणलेला गणपती, आतेआजीशी जपून बोलणं, मुलांसमोर न घेतलेली नावं. हे सगळं आजी करते. घर तीच चालवते आणि खोटंही तीच चालवते. म्हणून ‘मी’ आता आजी.

नवीन पहिलं पान, कच्चं:

“सकाळी रहाट सुरू झाला की मला बरं वाटतं. त्याच्या कुरकुरीत घरातलं काही ऐकू येत नाही. आज सोमवार. अप्पांना पोस्टात जायचं आहे. पाच रुपये त्यांनी काल हिंगाच्या डबीत ठेवले. हे अप्पांना माहीत आहे, मला माहीत आहे हे मात्र त्यांना माहीत नाही. तिखट संपलंय. वाडीला पाणी उद्या.”

आजीला स्मृतिभ्रंश द्यावा, म्हणजे काळ हवा तसा मागेपुढे करता येईल, असं एका वाचणाऱ्याने सुचवलं. नाही. तिची स्मरणशक्ती लख्ख आहे, आणि तीच तिची शिक्षा आहे. सोयीसाठी आजार वाटत फिरायचं असेल तर अप्पांमध्ये आणि माझ्यात फरक काय?

२८ ऑक्टोबर

मनीऑर्डर. मधल्या भागाचा कणा हाच.

अप्पा दरमहा पैसे पाठवत. ते गेल्यावर आजी पाठवते. का? साधं उत्तर: पैसे थांबले तर तिथून पत्र येईल, आणि पत्र पोस्टमन ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवेल. दुसरं उत्तर निवृत्तिवेतनाचं. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन १९६४ पासून लागू झालं. अप्पा १९६६ मध्ये नोकरीत असतानाच जातात. ते पैसे बायकोला मिळतात, आणि बायको रमा. कुठली रमा, हे कार्यालयात कुणाला विचारावंसं वाटत नाही. म्हणजे आजी सवतीच्या हक्काच्या पैशांवर मुलं वाढवते आणि त्यातलेच पाच रुपये तिला पाठवते.

तिसरं उत्तर मला लिहायचं नाही, ते पोचपावतीवर दिसू द्यायचं. तेव्हा मनीऑर्डर पोचली की घेणाऱ्याच्या सहीचा तुकडा परत यायचा. पहिलीला सही येत होती. माहेरी चौथीपर्यंत शिकलेली. सुरुवातीच्या पावत्यांवर बाळबोध अक्षरात तिचं माहेरचं नाव, कारण दाखल करताना भावाने तेच घातलं. पुढे ते अक्षर कलतं, ओळ सोडतं. मग नुसता अंगठा. आजी दर महिन्याला तो अंगठा उजेडात धरून बघते. या दोघींची आयुष्यात दुसरी भेट नाही.

१९७५ च्या पावसाळ्यात मनीऑर्डर परत येते. आजी ते पाच रुपये खर्च करत नाही. कुठे ठेवते हे लिहून झालंय, पण इथे फोडत नाही.

१६ नोव्हेंबर

मनोरुग्णालयाचं प्रकरण पूर्ण काढून टाकलं. साखळ्या, किंकाळ्या, लांबलचक व्हरांडा… सगळं ऐकीव सामान होतं. त्या काळी १९१२ च्या कायद्याप्रमाणे नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की माणूस आत. मला तो हुकूमच पुरे. एक पान, सरकारी भाषेत, त्यात तिच्या वागण्याची कारणं दिलेली: रात्री वाडीत एकटी जाऊन बसते, नवऱ्याला उलट विचारते, मूल गेल्यापासून स्वयंपाकात लक्ष नाही. एवढंच. पुढे वाचकाने स्वतः ठरवावं.

ती खरोखर आजारी होती की नव्हती, हे मैत्रिणीने तीनतीनदा विचारलं. मूल गेल्यावर झोप उडालेली बाई होती. सहा महिने कुणी जवळ बसलं असतं तर कदाचित उठली असती. अप्पांना सहा महिने फार वाटले.

७ डिसेंबर

खर्डा संपादकांकडे गेला. त्यांचा फोन आला: शेवटी आजी कबुली देते का? नातीला काही सांगते का? वाचक साडेतीनशे पानं थांबलेला असतो, त्याला काहीतरी द्यायला हवं.

मी म्हटलं, सांगत नाही. नातीला आयता टाक मिळतो, आणि ती तो चांदीच्या भावाने मोडीत घालते. सोनार वजन करतो, पैसे देतो. ते म्हणाले, विचार करा. केला. सोनाराचा प्रसंग राहणार, पण तो शेवटून दुसरा. शेवटचं प्रकरण १९४९ चं: तांदळाचं ताट, आणि लिहिलेलं नाव वाचणारी एकोणीस वर्षांची मुलगी.

उरलेली कामं: आतेआजीची भाषा फार पुस्तकी झाली आहे, ती आत्याला वाचून दाखवून घ्यायची. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर तेव्हा साक्षीदार लागत का, हे कार्यालयात काम केलेल्या कुणाला तरी विचारायचं. लागत असतील तर सही आतेआजीची.